ज्ञानग्रहणाकडून ज्ञाननिर्मितीकडे : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे आणि विज्ञान-विद्यार्थ्यांच्या संशोधनसंधींचा इतिहास

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी जे प्रात्यक्षिक करतो, त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही हाताशी असते आणि आपले निरीक्षण त्या उत्तराशी जुळले नाही, तर विद्यार्थी उत्तराविषयी शंका घेत नाही. तो निरीक्षण बदलून टाकतो. ही गोष्ट आपणा सर्व अध्यापकांच्या परिचयाची आहे. विज्ञान शिकविणाऱ्या व्यवस्थेतच विज्ञानाच्या मूळ वृत्तीला असा छेद का जातो, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. त्यामागे उच्च शिक्षणाच्या रचनेचा एक दीर्घ इतिहास आहे. ज्ञान कोणी निर्माण करावयाचे आणि कोणी केवळ ग्रहण करावयाचे, याची विभागणी त्या इतिहासात झालेली आहे.

ही विभागणी ज्या संस्थाप्रकारात अत्यंत स्पष्टपणे दिसते आणि जेथे ती मोडण्याचे प्रयत्नही जाणीवपूर्वक झाले, तो प्रकार म्हणजे अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज. प्रस्तुत लेखात १९०१ पासून अलीकडच्या काळापर्यंतच्या कालखंडात या महाविद्यालयांतील विज्ञान-विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी कशी नाकारली गेली, ती कोणत्या टप्प्यांनी उपलब्ध झाली आणि तिचा त्यांच्या यशाशी कोणता संबंध दिसून येतो, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणजे इयत्ता अकरावी व बारावी. अमेरिकेत ‘ज्युनिअर कॉलेज’ हा शब्द पदवी शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांसाठी वापरला गेला. पुढे याच संस्था ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. येथे दोन वर्षे पूर्ण करून विद्यार्थी चार वर्षांच्या महाविद्यालयात वा विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. या प्रवेशाला तेथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. शुल्क कमी, प्रवेश सर्वांना खुला आणि संस्था घराजवळ, ही या महाविद्यालयांची प्रमुख वैशिष्ट्ये होत.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. कम्युनिटी कॉलेज व संशोधन यांच्यातील अंतराची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२. हे अंतर कमी करणाऱ्या योजनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३. संशोधनसंधी व विद्यार्थ्यांचे यश यांच्या संबंधाविषयी उपलब्ध पुराव्याचे मूल्यमापन करणे.
४. या इतिहासातून आपल्याकडील महाविद्यालयांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून आयोगांचे अहवाल, कायदे व प्रकाशित अभ्यास या दुय्यम स्वरूपाच्या साधनांचा आधार घेतला आहे.

१. संशोधनाच्या सोयीसाठी झालेला जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक विद्यापीठप्रमुखांवर जर्मन विद्यापीठांचा मोठा प्रभाव होता. विद्यापीठ हे संशोधनाचे केंद्र असावे आणि पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे सामान्य शिक्षण त्याच्या खांद्यावरून उतरवावे, असा विचार मिशिगनचे हेन्री टॅपन यांच्यापासून स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्यापर्यंत अनेकांनी मांडला. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवी अभ्यासक्रमाचे दोन भाग पाडले आणि १८९६ पासून ते ‘ज्युनिअर कॉलेज’ व ‘सीनिअर कॉलेज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. याच हार्पर यांच्या प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी १९०१ मध्ये शालेय शिक्षणानंतरच्या दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षी तेथे केवळ सहा विद्यार्थी होते. जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. पुढे १९०७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील माध्यमिक शाळांना असे वर्ग चालविण्याची मुभा मिळाली आणि ही चळवळ पश्चिमेकडेही रुजली.

या जन्मकथेतील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यापीठाला निर्वेधपणे संशोधन करता यावे, हे ज्युनिअर कॉलेजच्या निर्मितीमागील एक प्रमुख कारण होते. म्हणजेच संशोधनाच्या सोयीसाठी जन्मलेली ही संस्था जन्मतःच संशोधनापासून दूर ठेवली गेली. तिच्या वाट्याला अध्यापन आले. शोध विद्यापीठाकडे राहिला. येथे कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. जोलिएटसारख्या गावातील मुलांना घरी राहून पदवीची पहिली दोन वर्षे पूर्ण करता आली, हा या रचनेचा निःसंशय लाभ होता. मात्र पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थी संशोधनास अपात्र असतो हे गृहीत त्यामागे होते आणि ते पुढे जवळजवळ शतकभर कोणी गांभीर्याने तपासले नाही.

२. उघडे दार आणि आखलेली सीमा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उच्च शिक्षणाची दारे विस्तारली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या शिक्षणाचा भार शासनाने उचलला. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आणि जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४७ मध्ये अहवाल सादर केला. शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षे सर्वांना विनाशुल्क मिळावीत, अशी शिफारस त्यात होती. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ होण्यास हाच अहवाल मुख्यतः कारणीभूत ठरला. १९६० च्या दशकात अमेरिकेत साडेचारशेहून अधिक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे स्थापन झाली.

याच काळात विज्ञान-संशोधनासाठी शासकीय निधीचा प्रवाह सुरू झाला होता. व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या अहवालाच्या पार्श्वभूमीवर १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनची स्थापना झाली. एकीकडे सर्वांसाठी शिक्षण आणि दुसरीकडे संशोधनासाठी निधी, हे दोन प्रवाह एकाच दशकात सुरू होऊनही परस्परांना मिळाले नाहीत. किंबहुना ते मिळू नयेत अशी सीमारेषाच आखली गेली. तिचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे १९६० चा कॅलिफोर्नियाचा उच्च शिक्षण बृहद्आराखडा. त्यानुसार शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालयांत आणि उर्वरित सर्वांना ज्युनिअर कॉलेजांत प्रवेश मिळणार होता. राज्याच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनाची मुख्य जबाबदारी विद्यापीठाकडे सोपविण्यात आली आणि ज्युनिअर कॉलेजांकडे अध्यापनाचे कार्य राहिले. प्रवेशाच्या दृष्टीने हा आराखडा उदार होता, यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्याच्या शालेय गुणांवरून त्याला संशोधनाच्या सान्निध्यात जागा मिळेल की नाही हेही त्याने ठरवून टाकले.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजच्या अभ्यासावर तो आधारलेला होता. मोठ्या आकांक्षेने आलेल्या विद्यार्थ्याला नकार न देता, चाचण्या, समुपदेशन व गुणपत्रके यांच्या साह्याने त्याची आकांक्षा हळूहळू कशी शमविली जाते, हे क्लार्क यांनी दाखवून दिले. शेवटी लहान ध्येय आपण स्वतःच निवडले, असे विद्यार्थ्यास वाटू लागते. दार उघडे होते, पण आतल्या जिन्याची एकेक पायरी नकळत काढून घेतली जात होती, असे या विवेचनाचे सार सांगता येईल. स्टीव्हन ब्रिंट व जेरोम कॅराबेल यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार ऐतिहासिक अंगाने विस्तारला आणि ज्युनिअर कॉलेजांचे नेतृत्वच व्यावसायिक शिक्षणाकडे कसे वळत गेले, हे मांडले.

३. दोन चरित्रे

या रचनेतूनही मोठे वैज्ञानिक घडले, असा आक्षेप घेता येईल. तो खराच आहे. परंतु त्या चरित्रांचा बारकाईने विचार केल्यास वेगळेच तथ्य समोर येते.

ब्रूस मेरीफील्ड यांनी १९३९ मध्ये पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजमध्ये प्रवेश घेतला आणि दोन वर्षांनी ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. १९४३ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी एक वर्ष एका संशोधन संस्थेत काम केले. प्रयोगासाठी ठेवलेल्या प्राण्यांची निगा राखणे आणि कृत्रिम अमिनो आम्लांच्या आहारावरील वाढीच्या प्रयोगांत साहाय्य करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. आवश्यक अमिनो आम्ले शरीरास एकाच वेळी मिळाली तरच वाढ होते, हे दाखविणारा प्रयोग तेथेच झाला. या अनुभवाने पुढील शिक्षणाची गरज पटून ते विद्यापीठात परतले, १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पेप्टाइडांच्या घन आधारावरील संश्लेषणाच्या पद्धतीसाठी १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना प्राप्त झाले.

दुसरे उदाहरण क्रेग व्हेंटर यांचे. व्हिएतनाम युद्धात नौदलाच्या वैद्यकीय पथकात सेवा करून परतल्यावर त्यांनी कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजमधून शिक्षणाची नव्याने सुरुवात केली. तेथून ते सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि पदवीचे विद्यार्थी असतानाच नेथन कॅप्लन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. १९७२ मध्ये पदवी आणि १९७५ मध्ये डॉक्टरेट, अशी त्यांची पुढील वाटचाल झाली. मानवी जीनोमच्या वाचनातील त्यांचा सहभाग सर्वज्ञात आहे.

दोघांनाही कम्युनिटी कॉलेजने दुसरी संधी दिली, हे निर्विवाद आहे. परंतु दोघांच्या आयुष्याला वळण देणारा संशोधनाचा अनुभव त्यांना ते महाविद्यालय सोडल्यानंतर मिळाला. जे विद्यार्थी पैशाअभावी, कुटुंबाच्या जबाबदारीमुळे किंवा आत्मविश्वास नसल्यामुळे विद्यापीठापर्यंत पोहोचले नाहीत, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने यशस्वी व्यक्तींच्या कथांवरून व्यवस्थेची पारख करताना हे मौन विसरता कामा नये.

४. संशोधन पदवीवर्गापर्यंत येते, पण कोणाच्या?

१९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्फुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञान शिक्षणाविषयी अस्वस्थता पसरली. नॅशनल सायन्स फाउंडेशनने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सहभागी करून घेणारी योजना याच सुमारास सुरू केली. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा उपक्रम उभा राहिला. १९७८ मध्ये रसायनशास्त्राच्या काही अध्यापकांनी ‘कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च’ ही संघटना स्थापन केली. हे अध्यापक प्रामुख्याने चार वर्षांच्या खासगी महाविद्यालयांतील होते. फाउंडेशनची जुनी योजना १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बंद पडली. होमर नील यांच्या समितीने १९८६ मध्ये पदवी स्तरावरील विज्ञान शिक्षणाच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले आणि १९८७ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची नवी योजना सुरू झाली. ती आजही तिच्या ‘आर.ई.यू.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या सर्व प्रयत्नांचे स्वरूप पाहिले असता एक समान सूत्र आढळते. संधी मोजक्या, निवड स्पर्धेतून आणि स्थळ बहुधा विद्यापीठ. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला अर्ज करण्यास कोणी मनाई केली नव्हती. परंतु अशी योजना आहे हे त्याला सांगणारे अध्यापक कमी, शिफारसपत्र देण्याइतका निकटचा परिचय कमी आणि उन्हाळ्यात नोकरी सोडून दोन महिने दुसऱ्या गावी राहण्याची ऐपत त्याहूनही कमी. या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे असतात, ही वस्तुस्थिती या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते.

५. सीमारेषा पुसण्याचे प्रयत्न

१९९२ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. या वर्षी दोन घटना घडल्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ‘ब्रिजेस’ ही योजना सुरू केली. त्यात दोन वर्षांचे महाविद्यालय व पदवी देणारी संस्था यांची जोडी बांधून, जैववैद्यकात अल्प प्रमाणात असलेल्या समाजगटांतील विद्यार्थ्यांना ट्रान्सफरच्या आधीच प्रयोगशाळेचा अनुभव देण्याची सोय होती. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने प्रगत तंत्रज्ञान शिक्षणाचा कायदा संमत केला आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी प्रथमच मोठ्या प्रमाणावर दोन वर्षांच्या महाविद्यालयांकडे वळला. या कायद्याचा मुख्य हेतू कुशल तंत्रज्ञ घडविण्याचा होता, संशोधक घडविण्याचा नव्हे. तरीही त्या निमित्ताने आधुनिक उपकरणे कम्युनिटी कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आली आणि अध्यापकांना अनुदानाचे प्रस्ताव लिहिण्याचा सराव झाला. पुढील घडामोडींची भूमी येथे तयार झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या विद्यार्थ्यांची संख्या किती लक्षणीय आहे, याची जाणीवही याच सुमारास होऊ लागली. १९९९ व २००० या वर्षांत विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदव्या घेतलेल्यांपैकी ४४ टक्के पदवीधर कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकलेले होते, असे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या सर्वेक्षणात आढळून आले. ज्या संस्थांना विज्ञानाच्या परिघावर मानले जात होते, त्यांच्यातूनच विज्ञानाच्या पदवीधरांचा इतका मोठा हिस्सा जात होता.

विसाव्या शतकाअखेर विचारालाही नवी दिशा मिळाली. एलेन सेमूर व नॅन्सी ह्यूइट यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात विज्ञान सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. सोडून जाणारे विद्यार्थी राहणाऱ्यांपेक्षा कुवतीने कमी असतात असे नसून, नीरस अध्यापन व शुष्क वातावरण ही त्यांच्या जाण्याची मोठी कारणे असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेजमधील जीवशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ह्यूलेट यांच्या पुढाकाराने सुरू झालेला उपक्रम २०११ पासून फाउंडेशनच्या अनुदानावर राष्ट्रीय जाळ्याच्या रूपात विस्तारला. त्याची मांडणी साधी होती : प्रथम वर्षाच्या वर्गात एखाद्या खऱ्या प्रश्नाचा परिचय, नंतर त्याच प्रश्नावर प्रात्यक्षिकाच्या तासात काम आणि त्यानंतर ज्याला गोडी लागली त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प. संशोधन हे हुशारीचे बक्षीस न राहता शिकण्याची पहिली पायरी झाले.

६. उन्हाळ्यातून वेळापत्रकात

या इतिहासातील निर्णायक वळण येथेच आहे. संशोधन उन्हाळी सुट्टीतून आठवड्याच्या वेळापत्रकात आले. ‘अभ्यासक्रमांतर्गत संशोधन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत संपूर्ण वर्ग अशा प्रश्नावर काम करतो, ज्याचे उत्तर विद्यार्थ्याला तर नाहीच, पण शिक्षकालाही ठाऊक नसते. वैज्ञानिक पद्धतीचा वापर, नव्या शोधाची शक्यता, वर्गाबाहेरील जगाला असलेली उपयुक्तता, सहकार्य आणि चुकलेला प्रयोग पुन्हा करण्याची संधी, ही तिची पाच लक्षणे २०१४ मध्ये अभ्यासकांनी निश्चित केली. त्याच वर्षी गीता बंगेरा व सारा ब्राउनेल यांनी या पद्धतीचा सामाजिक अर्थ विशद केला. संधी निवडीवर अवलंबून असली की माहिती, ओळख व पैसा असलेलेच पुढे जातात. संधी अभ्यासक्रमात असली की वर्गात नाव असलेला प्रत्येक जण तिचा हक्कदार ठरतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

उदाहरणादाखल हॉवर्ड ह्यूज वैद्यक संस्थेने २००८ मध्ये बारा संस्थांत सुरू केलेला जीवाणुभक्षी विषाणूंचा, म्हणजे फाजांचा, अभ्यासक्रम पाहावा. पुढे अनेक कम्युनिटी कॉलेजेही त्यात सहभागी झाली. प्रथम वर्षाचा विद्यार्थी स्वतःच्या परिसरातील माती आणतो, तीतून फाज वेगळा करतो, त्याला स्वतः नाव देतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रूप पाहतो आणि दुसऱ्या सत्रात त्याच्या जीनोममधील जनुके ओळखतो. हे काम दिखाऊ नाही. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल विद्यापीठात याच उपक्रमाशी निगडित एका विद्यार्थिनीने २०१० मध्ये कुजलेल्या वांग्यावरून ‘मडी’ नावाचा फाज मिळविला. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गाने ग्रासलेल्या एका ब्रिटिश मुलीवर फाजांच्या मिश्रणाने जे उपचार झाले, त्यात मडीचा समावेश होता. त्याविषयीचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीच्या विद्यार्थ्याने केलेले निरीक्षण प्रयोगवहीच्या पलीकडे कोठवर जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

२०१२ मध्ये अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेनेही या विचाराला पाठबळ दिले. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेण्याच्या इराद्याने प्रवेश घेणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून कमी विद्यार्थी ती पूर्ण करतात, याकडे लक्ष वेधून, ठरावीक उत्तरांच्या प्रात्यक्षिकांऐवजी शोधाधिष्ठित अभ्यासक्रम पहिल्या दोन वर्षांतच आणावेत, अशी शिफारस परिषदेने केली. १८९० च्या दशकातील गृहीत असे शंभरहून अधिक वर्षांनी उलटे झाले.

७. यशाशी संबंध : पुराव्याचे मूल्यमापन

संशोधनाची संधी मिळालेले विद्यार्थी अधिक यशस्वी होतात, हे विधान सावधपणे करावयास हवे. जे विद्यार्थी अशा संधीकडे वळतात, ते मुळातच अधिक उत्सुक असण्याचा संभव असतो. मग यशाचे श्रेय संधीचे की वृत्तीचे, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हीच मर्यादा दाखविली आहे. उपलब्ध अभ्यास बहुतांशी वर्णनात्मक वा सहसंबंधात्मक असून कार्यकारणभाव सिद्ध करणारे अभ्यास थोडे आहेत, असे त्यात नमूद आहे.

या मर्यादेवर मात करण्याचा एक प्रयत्न ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात झाला. प्रथम वर्षापासूनच्या तीन सत्रांच्या संशोधन अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि पार्श्वभूमीने त्यांच्याशी जुळणारे इतर विद्यार्थी यांची २०१६ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. तिन्ही सत्रे पूर्ण करणाऱ्यांत विज्ञान शाखेतच पदवी मिळविण्याची शक्यता ७१ वरून ९४ टक्क्यांपर्यंत आणि सहा वर्षांत पदवी पूर्ण करण्याची शक्यता ६६ वरून ८३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यात आढळले. हे आकडे एका मोठ्या विद्यापीठाचे आहेत; ते कम्युनिटी कॉलेजला जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. तथापि संधी लवकर मिळण्याचे महत्त्व त्यातून निश्चित सूचित होते.

कम्युनिटी कॉलेजच्या संदर्भात संशोधनाची उपयुक्तता तीन अंगांनी समजून घेता येते. पहिले अंग ट्रान्सफरचे. विद्यापीठात गेल्यावर या विद्यार्थ्यांचे गुण पहिल्या सत्रात घसरतात, या अनुभवाला १९६५ मध्येच जॉन हिल्स यांनी ‘ट्रान्सफरचा धक्का’ असे नाव दिले होते. ज्याने उपकरणे हाताळली, शोधनिबंध वाचला आणि अपयशी प्रयोगाची सवय करून घेतली, त्याला नवे वातावरण तितके परके वाटत नाही. दुसरे अंग अध्यापकाशी जडणाऱ्या नात्याचे. ज्याचे उत्तर दोघांनाही ठाऊक नाही अशा प्रश्नापुढे शिक्षक व विद्यार्थी काही काळ एकाच बाजूला उभे राहतात. तिसरे अंग स्वप्रतिमेचे. ‘मी विज्ञान शिकतो’ येथून ‘मी विज्ञान करतो’ येथवरचा प्रवास क्लार्क यांनी वर्णिलेल्या आकांक्षाशमनाच्या अगदी विरुद्ध दिशेचा आहे.

अडचणीही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकाला प्रत्येक सत्रात साधारणतः पाच विषयांचे अध्यापन करावे लागते. संशोधनासाठी त्याच्या कार्यभारात सहसा सवलत नसते. विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातो, त्यामुळे प्रकल्पाचे सातत्य टिकविणे कठीण होते. अनुदान संपताच उपक्रम थांबण्याचा धोका असतो. म्हणूनच एखाद्या उत्साही अध्यापकावर विसंबलेला उपक्रम आणि संस्थेच्या वेळापत्रकात रुजलेला उपक्रम यांत मोठे अंतर आहे.

८. आपल्या संदर्भात

भारतात ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव पुदुच्चेरी येथे १९९५ मध्ये व चेन्नई येथे १९९६ मध्ये अवतरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्याची स्वतंत्र योजना आखली. परंतु आपल्याकडे या नावाचा आशय मुख्यतः कौशल्यशिक्षणाचा आहे. अमेरिकी कम्युनिटी कॉलेजशी खरे साम्य आपल्या ग्रामीण व निमशहरी संलग्न महाविद्यालयांचे आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे होते. पुढे विद्यापीठांचे पदव्युत्तर विभाग व स्वतंत्र संशोधन संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा संशोधन तेथे गेले आणि पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी महाविद्यालयांतच राहिले. कारणे भिन्न असली तरी रेषा तीच.

ती ओलांडण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना २००८ मध्ये आली. महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आपल्या परिचयाची आहे. यांपैकी स्टार कॉलेज योजना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला बळ देते. इतर बऱ्याच संधी मात्र निवडीच्या वा स्पर्धेच्या स्वरूपाच्या आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीची सोय झाली, मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण ही तिची अट ठेवण्यात आली. गुणवत्तेचा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु ज्याला संशोधनाच्या स्पर्शाने गोडी लागली असती, तो विद्यार्थी त्या अटीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विज्ञान सोडून गेला तर? संशोधनाला यशानंतरचे पारितोषिक मानायचे की यशाचे साधन, हा अमेरिकेतील शंभर वर्षांचा प्रश्न आपल्यापुढे याच रूपात उभा आहे.

निष्कर्ष

१. कम्युनिटी कॉलेजचे संशोधनापासूनचे अंतर हा विद्यार्थ्यांच्या कुवतीचा परिणाम नसून संस्थात्मक रचनेचा परिणाम होता.
२. प्रवेश खुला करणे आणि ज्ञाननिर्मितीत सहभाग देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी आपोआप घडत नाही.
३. निवडीवर आधारित संधीपेक्षा अभ्यासक्रमात अंतर्भूत असलेली संधी अधिक न्याय्य आहे.
४. संशोधन व यश यांच्या संबंधाचा पुरावा आशादायक असला तरी कम्युनिटी कॉलेजांपुरता तो अद्याप अपुरा आहे.
५. अध्यापकाच्या कार्यभारात स्थान मिळाल्याशिवाय असे उपक्रम टिकत नाहीत.

समारोप

अमेरिकेतील योजनांचे अनुकरण करावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. आपली साधने व अडचणी वेगळ्या आहेत. परंतु नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पासाठी श्रेयांक राखलेले आहेत. महाविद्यालयाच्या परिसरातील विहिरींच्या पाण्याची वर्षानुवर्षे केलेली तपासणी, गावच्या शिवारातील वनस्पतींची नोंद किंवा मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास यांसाठी मोठ्या उपकरणांची गरज नाही. एका तुकडीने ठेवलेली नोंद पुढील तुकडीने पुढे न्यावी, एवढी व्यवस्था विभागाने केली तरी दोन-तीन वर्षांत विद्यार्थी निघून जाण्याच्या अडचणीवर मार्ग निघतो. आवश्यकता आहे ती, उत्तर आधी ठाऊक नसलेला एक तरी प्रश्न प्रथम वर्षाच्या वर्गात ठेवण्याच्या आपल्या तयारीची. ज्या दिवशी विद्यार्थ्याचे निरीक्षण अपेक्षित उत्तराशी जुळणार नाही आणि तो ते खोडणार नाही, त्या दिवशी त्याचे विज्ञान शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.